उचल, कोयता आणि निवडणूक : बीडच्या ऊसतोडीचा राजकीय इतिहास

राज्यशास्त्रात ‘दबावगट’ ही संज्ञा ज्या संघटित समूहासाठी वापरली जाते, तो समूह स्वतः सत्तेवर बसत नाही; निवेदने, आंदोलने, वैयक्तिक संबंध आणि निवडणुकीसाठी पुरवलेला पैसा यांच्या बळावर तो सत्ताधाऱ्यांकडून आपल्या हिताचे निर्णय करून घेतो, असे सामान्यतः मानले जाते. या व्याख्येत सरकार एका बाजूला आणि हितसंबंध दुसऱ्या बाजूला अशी एक भिंत गृहीत धरलेली असते. महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या इतिहासात ही भिंत फार काळ टिकली नाही, कारण कारखान्याचे अध्यक्षपद, सहकारी बँकेचे संचालकपद, आमदारकी आणि मंत्रिपद ही सारी बहुधा एकाच घराण्याकडे आणि पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे आली. बीड जिल्ह्यात याच्या पुढचा टप्पा दिसतो. तेथे ऊस तोडणाऱ्या मजुरांचे नेतृत्व आणि ऊस गाळणाऱ्या कारखान्यांचे नेतृत्व काही काळाने एकाच राजकीय वर्तुळात येऊन मिळाले, आणि लाखोंच्या संख्येमुळे निवडणुका जिंकून देणाऱ्या मजुरांना स्वतःच्या मजुरीसाठी एक कायदा मात्र करून घेता आला नाही.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मधून बालाघाटची डोंगररांग जाते. गोदाकाठची गेवराई-माजलगावची जमीन काळी व सुपीक असली, तरी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगरपट्ट्यातील जमीन हलकी, पाऊस अपुरा आणि बेभरवशाचा. सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश अमलाखालील शेजारच्या नगर जिल्ह्यात प्रवरेचे कालवे आले आणि त्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना १९१९ मधला. बालाघाटाच्या वाट्याला असे पाणी आले नाही. पुढे कारखाने पश्चिमेला आणि मजूर पूर्वेला ही जी विभागणी झाली, तिचे मूळ केवळ पर्जन्यमानात शोधणे अपुरे आहे, कारण कालवा कोठे न्यायचा हा निसर्गाचा नव्हे, शासनाचा निर्णय असतो.

लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. खाजगी कंपनीच्या जागी ऊस उत्पादकांचीच मालकी आणणारा हा प्रयोग खऱ्या अर्थाने क्रांतिकारक होता, आणि त्याचे मोल पुढच्या काळातील विकृतींमुळे कमी होत नाही. परंतु या प्रयोगाचा विस्तार ज्या पद्धतीने झाला, तिच्या प्रत्येक पायरीवर शासन उभे होते. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानुसार कारखान्याचा परवाना दिल्लीहून मिळवावा लागे. भागभांडवलाचा मोठा हिस्सा राज्य सरकार देई. कर्जासाठी सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज बुडाल्यास ते सरकार भरील असे वचन, लागे. कोणत्या कारखान्याने कोणत्या गावांचा ऊस घ्यायचा, गाळप कधी सुरू करायचे, साखर किती आणि केव्हा विकायची, यांवरही शासकीय नियंत्रण होते. ज्या धंद्याचा नफातोटा मंत्रालयातील सहीवर ठरतो, त्या धंद्याने मंत्रालयातच आपली माणसे बसवावीत, हे ओघानेच आले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी साखर कारखाना संघाकडे, म्हणजे रूढ भाषेतल्या साखर संघाकडे, या क्षेत्राची सामूहिक बाजू मांडण्याचे काम आले. पण संघाचे निवेदन ज्या मंत्र्यापुढे जाई, तो मंत्री स्वतः कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी बांधलेला असल्यामुळे निवेदनाला फारसा प्रवास करावा लागत नसे.

निवडणुकीच्या पैशाच्या दृष्टीने या काळातील एक तरतूद फार महत्त्वाची आहे. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये कायद्याने बंदी आली आणि ती १९८५ पर्यंत राहिली. ही बंदी कंपनी कायद्याखालील होती. सहकारी संस्था कंपनी नव्हती. नेमक्या याच दीड दशकात सहकारी साखर कारखाने महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाचे आर्थिक केंद्र बनले. कारखान्याकडे रोकड होती, वाहने होती, कर्मचारी होते, सभासदांच्या याद्या होत्या आणि टनामागे काही रक्कम कापून घेण्याची सोय होती. प्रचारयंत्रणेला याहून वेगळे काही लागत नाही.

या व्यवहाराचे न्यायालयीन कागदपत्रांत उमटलेले सर्वांत ठळक उदाहरण मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळातील आहे. सिमेंटचे वाटप आणि अंतुले यांनी स्थापन केलेल्या न्यासाला मिळालेल्या देणग्या यांच्यात संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. लोकांच्या स्मरणात सिमेंट राहिले, परंतु त्याच प्रकरणात साखर कारखान्यांचाही प्रश्न होता. ज्या सहकारी कारखान्यांची प्रकरणे शासनाकडे प्रलंबित होती, त्यांच्याकडून देणग्या मागितल्या गेल्या आणि त्यांच्या प्रश्नांत लक्ष घालण्याचे आश्वासन दिले गेले, या आरोपात प्रथमदर्शनी तथ्य दिसत असल्याने खटला चालवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटले. पुढे १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच रद्द केला. गुन्हा सिद्ध झाला असा याचा अर्थ नाही. मात्र शासनाच्या दारात अडकलेले काम आणि देणगी यांची सांगड घालण्याची पद्धत कशी असू शकते, याचे चित्र या कागदपत्रांतून स्पष्टपणे उभे राहते.

या साऱ्या उलाढालीच्या तळाशी ऊस तोडणारा माणूस होता, आणि तो बहुतांशी बीडचा होता. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले तसतसे बालाघाटावरील गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्यात परतणारे मजुरांचे लोंढे वाढले, आणि १९७२च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर अनेक गावांचा वार्षिक क्रम बनले. तोडीचे एकक ‘कोयता’ हे आहे: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हिशेब जोडीच्या नावाने होत असल्यामुळे बाईची मजुरी तिच्या हाती वेगळी कधी पडत नाही. कोयत्यांची टोळी मुकादम जमवतो. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम घेतो आणि पावसाळ्यातच मजुरांना ‘उचल’ देतो, म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या कामापोटी आगाऊ पैसे. लग्न, आजारपण, पेरणी, जुने कर्ज या गरजांसाठी ही उचल घेतली जाते आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावारीतून ती फेडली जाते; हंगाम संपला, मजुरांच्या भाषेत पट्टा पडला, तरी ती फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. आजारपणाने वा बाळंतपणाने काम बुडाले तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली असली, तरी कर्जाच्या बदल्यात श्रम बांधून ठेवणारी ही पद्धत त्या कायद्याच्या व्याख्येपासून किती दूर आहे, हा प्रश्न कायद्याच्या कोणत्याही प्रामाणिक अभ्यासकाला पडल्याशिवाय राहणार नाही.

उचलीची ही साखळी कारखान्यांना दोन प्रकारे उपयोगी पडली. एक तर मजुरांचा पुरवठा निश्चित झाला. दुसरे म्हणजे मजूर आपला नाही, असे कारखान्याला सांगता येऊ लागले. तोडणी आणि वाहतुकीसाठी वेगळ्या संस्था उभारल्या गेल्या, करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी झाले, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होऊ लागला. ऊस शेतकऱ्याचा, पैसा त्याच्याच दरातून कापलेला, हुकूम कारखान्याच्या शेतकी खात्याचा आणि मजूर मुकादमाचा, अशा रचनेत किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा अपघाताची भरपाई यांची जबाबदारी कोणावर, हे ठरवणे कठीण होऊन बसले. ही संदिग्धता साखर उद्योगाचा सर्वांत मौल्यवान राजकीय लाभ आहे, असे म्हणण्यास जागा आहे. तो मिळवण्यासाठी नवा कायदा करून घ्यावा लागला नाही, फक्त कायदा होऊ न देणे पुरेसे होते.

बीडच्या मतदाराने या काळात आपल्या हिताची बाजू ओळखली नव्हती असे नाही. १९६७ मध्ये या मतदारसंघाने साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले, १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले आणि १९८९ मध्ये ऊसतोड मजुरांसाठी लढणारे पाथर्डीचे बबनराव ढाकणे जनता दलाकडून विजयी झाले. याच सुमारास परळीजवळच्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे हे ऊसतोड मजुरांचे सर्वांत प्रभावी नेते म्हणून पुढे आले. वंजारी समाजाची एकजूट, त्या समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या भगवानगडावरचा दसरा मेळावा आणि ऐन हंगामाच्या तोंडावरचे ‘कोयता बंद’ आंदोलन यांच्या आधारे त्यांनी विखुरलेल्या मजुराला राज्याच्या राजकारणात दखल घ्यावी लागेल अशी ताकद मिळवून दिली. दसऱ्याला टोळ्या निघायच्या बेतात असताना गडावर जमणारी गर्दी कारखानदारांनाही दिसत असे. धार्मिक मेळावा आणि कामगार संघटना यांची ही जोड हेटाळण्यासारखी मुळीच नव्हती. ज्याला कारखान्याच्या फाटकावर सभा घेता येत नाही, कारण त्याचे फाटकच दर आठवड्याला बदलते, त्याला एकत्र यायला गडासारखी दुसरी जागा नव्हती.

या ताकदीतून जी व्यवस्था घडली, तिला लवाद म्हणतात. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेला मध्यस्थ. साखर संघ एका बाजूला आणि मजूर व मुकादमांच्या संघटना दुसऱ्या बाजूला बसत, आणि शरद पवार व गोपीनाथ मुंडे या दोन नेत्यांचा निर्णय दोन्ही बाजूंनी स्वीकारला जाई. दर काही वर्षांनी टनामागच्या मजुरीत वाढ होई. ही वाढ खरी होती आणि ती आंदोलनाशिवाय मिळाली नसती. पण लवादाचा निवाडा हा कायदा नव्हे: तो न पाळणाऱ्या कारखान्यावर खटला भरता येत नाही, त्याची तपासणी करणारा निरीक्षक नसतो, आणि त्याचा आधार दोन माणसांचा शब्द हाच असतो. मजुरी ठरवण्याच्या वाटाघाटीत मुकादमाचे कमिशनही ठरत असल्यामुळे मजुराच्या बाजूला बसलेल्या संघटनेतच दोन वेगळे हितसंबंध नांदत होते, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

मुंबईच्या बाजारपेठांतील ओझी वाहणाऱ्या कामगारांशी तुलना केली की यातले वैगुण्य ठळक होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या या कामगारांना १९६९ मध्ये माथाडी कायदा मिळाला. या कायद्याने मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक वैधानिक मंडळ उभे केले. मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि त्यासोबत निधी, रजा, उपचार यांसाठीचा आकारही भरतो. नेमका मालक कोण, या प्रश्नावरच कायद्याने तोडगा काढला होता, आणि ऊसतोडीतला अडसरही तोच होता. तरीही माथाडीसारखा कायदा ऊसतोड मजुरांसाठी झाला नाही. माथाडी कामगार वर्षभर मुंबईत असे आणि त्याच्या संपाने राजधानीतील बाजार बंद पडे. त्याच्या समोर व्यापारी होते. ऊसतोड मजूर सहा महिने परमुलखात असे, आणि त्याच्या समोर विधानसभेत बसणारे कारखानदार होते.

दरम्यान बीडमध्येही कारखाने आले. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर झालेल्या माजलगाव धरणाने उसाला पाणी दिले. तेलगाव, गढी, अंबाजोगाई येथे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि परळीजवळ पांगरीला मुंडे यांच्या पुढाकाराने वैद्यनाथ कारखाना सुरू झाला. तेलगावच्या कारखान्याला ज्यांचे नाव आहे ते सुंदरराव सोळंके १९७८ मध्ये उपमुख्यमंत्री झाले, आणि मुंडे यांच्याकडे १९९५ ते १९९९ या काळात तेच पद होते. महाराष्ट्राच्या पहिल्या चार उपमुख्यमंत्र्यांपैकी दोघे बीडचे. मागास जिल्ह्याला कारखाना हवा, ही मागणी न्याय्यच होती. तिचा परिणाम मात्र असा झाला की मजुरांचा नेता कारखान्याचाही प्रवर्तक बनला, आणि टनाला मजुरी किती हा प्रश्न त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी उभा राहू लागला. व्यक्तीच्या सचोटीचा हा प्रश्न नाही. ज्या रचनेत राजकीय नेतृत्वाला कारखान्याशिवाय पाया मिळत नाही, त्या रचनेचा हा दोष आहे.

कारखाना राजकारणाला इतका आवश्यक का झाला, याचे उत्तर निवडणुकीच्या खर्चात आहे, आणि त्याची सर्वांत स्पष्ट कबुली बीडच्याच खासदाराने दिली. जून २०१३ मध्ये मुंबईतील एका पुस्तक प्रकाशन समारंभात गोपीनाथ मुंडे यांनी सांगितले की १९८० च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत २९,००० रुपये खर्च झाला होता आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ८ कोटी रुपये. २००९ मध्ये लोकसभेच्या उमेदवाराला २५ लाख रुपयांची मर्यादा होती आणि त्यांनी अधिकृतपणे दाखवलेला खर्च सुमारे १९ लाखांचा होता, त्यामुळे निवडणूक आयोगाने त्यांच्याकडे खुलासा मागितला. हे विधान निवडणुकीतील पैशाच्या प्रश्नावरील चर्चेत केलेले होते, आणि इतर शेकडो उमेदवार जे बोलत नाहीत ते त्यांनी बोलून दाखवले, याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवे. खर्चाची मर्यादा नाममात्र ठरण्यामागेही इतिहास आहे. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला, तेव्हा त्याच वर्षी कायदा बदलून तो निष्प्रभ करण्यात आला. ही पळवाट २००३ मध्ये काही अंशी बंद झाली.

एवढा पैसा येतो कोठून, याचा एक भाग अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतो. १९९३ ते २००५ या काळातील महाराष्ट्रातील १८३ कारखान्यांची आकडेवारी तपासताना त्यांना आढळले की निम्म्याहून अधिक कारखान्यांच्या अध्यक्षांनी विधानसभा किंवा लोकसभा लढवली होती, आणि राजकीय नियंत्रणाखालील कारखाने निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्यांना टनामागे सुमारे २० रुपये कमी दर देत होते. निवडून आल्यावर काही प्रमाणात भरपाईही होत असे, आणि शेतकरी हे का सहन करतात याचे एक कारण त्यातच असावे. म्हणजे ज्याला पक्षनिधी म्हणतात, त्याचा एक देणगीदार स्वतः देणगी देतो आहे हे न कळणारा ऊस उत्पादक होता. पुढे ऊसतोड मजुरांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जे महामंडळ उभे राहिले, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले. हे दोन आकडे वेगवेगळ्या काळातील असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही मजुराच्या कल्याणासाठी टनाला १० रुपये काढण्यास या उद्योगाला किती दशके लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या दशकांची किंमत कोणत्या शरीरांनी मोजली, ते २०१९ मध्ये उघड झाले. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. मासिक पाळीत विश्रांती नाही, फडात शौचालय नाही, खाड्याचा दंड आहे आणि उचल फेडायची आहे, अशा अवस्थेत घेतलेल्या निर्णयाला वैद्यकीय निवड म्हणणे क्रूरपणाचे होईल. या महिला मतदार होत्या, त्यांच्या नावाने सभा होत होत्या, पण मजुरी ठरवणाऱ्या वाटाघाटीत कोयत्याचा अर्धा भाग म्हणून त्यांना आवाज नव्हता.

मतदार म्हणूनही त्यांची स्थिती हंगामाशी बांधलेली राहिली. २००४ आणि २००९ मध्ये विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला आणि २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला, म्हणजे टोळ्या निघण्याच्या अगदी उंबरठ्यावर. तोडीला गेलेल्या मजुराला मतदानासाठी परत आणायचे तर वाहन लागते, बुडालेल्या दिवसाची भरपाई लागते आणि कोणत्या फडात कोण आहे हे ठाऊक असणारा माणूस लागतो. ते ठाऊक असते मुकादमाला. त्यामुळे श्रमाचा पुरवठा करणारी साखळीच मतांसाठीही उपयोगी पडू शकते, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच गाडीत बसून मत द्यायला यावे लागणे हा प्रसंग मजुराला नवा वाटत नाही.

२०२४ या एका वर्षात हे सगळे धागे पुन्हा दिसले. जानेवारीत पुण्याच्या साखर संकुलात शरद पवार आणि पंकजा मुंडे (गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या) यांच्या लवादाने तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ ठरवली, ज्यामुळे टनाचा दर सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला, आणि मुकादमांच्या कमिशनमध्ये १ टक्का वाढ झाली. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न करता पक्षांना पैसा देण्याचे साधन, घटनाबाह्य ठरवले. देशभर त्यानंतर कंपन्यांच्या देणग्यांची यादी वाचली गेली. उसाच्या टनामागच्या कपातीसाठी मात्र अशी कोणतीही यादी कधीच नव्हती. मे महिन्यात मतदान झालेल्या बीड लोकसभेच्या निवडणुकीत येडेश्वरी साखर कारखान्याचे बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला ठेवले गेले आणि गाळप हंगामाची सुरुवात मंत्री समितीने १५ नोव्हेंबर ही ठरवली होती. ऊसतोड मजुरीचा दर त्या हंगामातही कायद्याने नव्हे, जानेवारीत झालेल्या करारानेच दिला गेला.